मधला माणूस कोणाचा?

प्रस्तावना

घर भाड्याने घ्यावयाचे असो की विकत, शहरात घराचा शोध सुरू केला की एक मनुष्य आपल्याला हमखास भेटतो. त्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा असतो, वहीत पत्ते असतात आणि ‘‘आणखी दोघेजण बघून गेलेत’’ हे वाक्य त्याच्या तोंडी तयार असते. मुंबई-पुण्याकडे त्याला दलाल किंवा एजंट म्हणतात. दिल्लीकडे तोच ‘प्रॉपर्टी डीलर’ होतो. दुकानाच्या पाटीवर मात्र ‘इस्टेट कन्सल्टंट’ असे भारदस्त नाव रंगवलेले असते.

ही एकाच कामाची निरनिराळी नावे आहेत, असे आपल्याला वाटते. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु या नावांच्या आड दोन वेगळ्या भूमिका आहेत. एक, दोन अनोळखी माणसांची गाठ घालून देणाऱ्याची. दुसरी, एका पक्षाच्या वतीने बोलणाऱ्या आणि वागणाऱ्याची. समोर बसलेला माणूस यांपैकी कोणत्या भूमिकेत आहे हे ओळखता न आल्यामुळे अनेकांची आयुष्यभराची पुंजी अडकून पडते. या पाठात आपण त्या दोन भूमिका समजून घेणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही दलाल आणि अभिकर्ता यांच्या कामातील फरक सांगू शकाल. स्थावर संपदेच्या व्यवहारातील मध्यस्थावर कायद्याने कोणती बंधने घातली आहेत ते स्पष्ट करू शकाल. आणि इसाराची रक्कम देण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत हे ठरवू शकाल.

मूळपाठ

१. एक प्रसंग

समजा, शिवणकाम करणारी एक बाई बारा वर्षे एका खोलीत भाड्याने राहत आहे. मुलगी दहावीला आहे. भिशी, पोस्टातील बचत आणि मोडलेल्या दोन बांगड्या मिळून तिने साडेतीन लाख रुपये जमवले आहेत. शहराच्या कडेला एका नव्या इमारतीत बावीस लाखांची लहानशी सदनिका तिला वस्तीतल्याच एका ओळखीच्या गृहस्थाने दाखवली.

‘‘ताई, आज इसार दिलात तर हा भाव. उद्याचा शब्द मी देत नाही.’’

‘‘दादा, तुम्ही आमच्याच बाजूने बोलताय ना?’’

‘‘तुमच्याच बाजूने. म्हणून तर तुम्हांला आधी सांगितलं.’’

बाईंनी एक लाख रुपये रोख दिले. वहीच्या पानावर पावती मिळाली. पावतीवर त्या गृहस्थाची सही होती. विकासकाचे नाव नव्हते, सदनिकेचा क्रमांक नव्हता. पुढच्या महिन्यात त्या विकासकाच्या कार्यालयात गेल्या, तेव्हा तेथील कारकून शांतपणे म्हणाला, ‘‘ते आमचे नव्हेत. पैसे घ्या असे आम्ही त्यांना सांगितलेले नाही.’’

त्या गृहस्थाने पैसे खाल्ले असे मानण्याचे कारण नाही. कदाचित तो ते उद्या विकासकाकडे भरील, कदाचित परत करील. तूर्त प्रश्न त्याच्या प्रामाणिकपणाचा नाही. तो बाईंचा होता, विकासकाचा होता, की कोणाचाच नव्हता, हा खरा प्रश्न आहे. ‘‘तुमच्याच बाजूने’’ या शब्दांना वजन केव्हा येते, हे पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर मिळणार नाही.

२. दलाल : वाट दाखवणारा

‘दलाल’ हा शब्द अरबी भाषेतून फारसीमार्गे मराठीत आला. त्याच्या मुळाशी ‘वाट दाखवणे’ हा अर्थ आहे. आज हा शब्द काहीसा तिरस्काराने उच्चारला जातो. पण मुंबईच्या फोर्ट भागातील शेअर बाजाराच्या रस्त्याचे नावच ‘दलाल स्ट्रीट’ आहे, आणि तेथे कोणाला त्याची लाज वाटत नाही. कोणास काय हवे आहे आणि ते कोणाकडे आहे, ही माहिती जवळ बाळगणे आणि दोघांना एकत्र आणणे हा दलालाचा धंदा. त्यात गैर काहीच नाही. अनोळखी शहरात नोकरीसाठी आलेल्या माणसाला आठ दिवसांत डोक्यावर छप्पर मिळते, ते बहुधा याच माणसामुळे.

बाजार समितीत गेलेल्यांना एक फरक चटकन कळेल. शेतकऱ्याचा माल अडत्याच्या गाळ्यावर उतरतो, अडत्या तो विकतो, पैसे वसूल करतो आणि हिशेब करून रक्कम शेतकऱ्याला देतो. माल आणि पैसा दोन्ही त्याच्या हातांतून जातात. म्हणूनच त्याच्यावर हिशेबाची जबाबदारी येते. निव्वळ दलालाच्या हाती माल नसतो आणि पैसाही असू नये. तो भाव जुळवून देतो, सौदा ठरला की दलाली घेतो आणि बाजूला होतो. घराच्या व्यवहारात हा निकष विसरू नये. केवळ गाठ घालून देणाऱ्याने घराचा इसार आपल्या खिशात ठेवण्याचे कारण नसते.

दलाल दोन्ही पक्षांकडून दलाली घेऊ शकतो काय? घेऊ शकतो; अनेक शहरांत तशी प्रथाच आहे. परंतु दोघांनाही ते ठाऊक असले पाहिजे. विकणाऱ्याकडून गुपचूप टक्केवारी ठरवून घेणाऱ्याला ‘मी तुमच्याच बाजूने आहे’ असे घेणाऱ्याला सांगता येणार नाही.

३. अभिकर्ता : दुसऱ्याच्या नावाने वागणारा

‘एजंट’ हा शब्द आपण विम्यापासून गॅसच्या जोडणीपर्यंत कोठेही वापरतो. कायद्यात मात्र त्याला नेमका अर्थ आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १८२ प्रमाणे, दुसऱ्यासाठी एखादी कृती करण्यास किंवा तिसऱ्या व्यक्तीशी वागताना दुसऱ्याचे प्रतिनिधित्व करण्यास नेमलेली व्यक्ती म्हणजे अभिकर्ता. ज्याच्यासाठी तो काम करतो, तो त्याचा मुख्य किंवा प्रकर्ता. अभिकर्त्याने दिलेल्या अधिकाराच्या मर्यादेत केलेली कृती प्रकर्त्याने स्वतः केल्याप्रमाणेच त्याला बांधते. एवढी मोठी शक्ती दुसऱ्याच्या हाती देताना कायदा तिच्यावर वेसणही घालतो.

ही वेसण समजून घेण्यासारखी आहे. अभिकर्त्याने प्रकर्त्याच्या सूचनेप्रमाणे वागले पाहिजे. त्या कामाला लागणारे कौशल्य आणि दक्षता त्याने दाखवली पाहिजे. मागितला की हिशेब दिला पाहिजे. तुम्ही ज्याला घर विकावयास सांगितले, त्यानेच ते तुम्हांला न सांगता बायकोच्या किंवा भावाच्या नावावर स्वस्तात घेतले, तर त्यासंबंधी महत्त्वाची गोष्ट दडवली गेल्यामुळे किंवा तुमचे नुकसान झाल्यामुळे तुम्ही तो व्यवहार नाकारू शकता. कामात गैरवर्तन करणाऱ्या अभिकर्त्याला त्या कामाच्या मोबदल्यावर हक्क सांगता येत नाही. आणि वेगळा करार नसेल, तर काम पूर्ण होईपर्यंत मोबदला देय होत नाही. ‘‘आधी दलाली द्या, मग घर दाखवतो’’ म्हणणाऱ्याला हे शेवटचे वाक्य शांतपणे ऐकवावे.

आता आपल्या प्रसंगातील कारकुनाचे उत्तर पुन्हा वाचा. ‘‘ते आमचे नव्हेत’’ एवढे म्हटल्याने विकासक नेहमीच सुटतो काय? नाही. याच अधिनियमाचे कलम २३७ सांगते, की प्रकर्त्याने आपल्या शब्दांनी किंवा वर्तनाने समोरच्याचा असा समज करून दिला असेल, की हा माणूस माझ्या अधिकाराने वागत आहे, तर प्रकर्ता त्या कृतीने बांधला जातो. त्या गृहस्थाला बांधकामाच्या जागेवर खुर्ची दिली असेल, विकासकाचे छापील माहितीपत्रक आणि पावतीपुस्तक त्याच्याकडे असेल, तर गोष्ट वेगळी होते. वहीच्या पानावरची पावती असेल, तर बाईंची बाजू दुबळी पडते. कागद कोणाचा होता, यावर एवढे अवलंबून असते.

पाठगत प्रश्न – १

(अ) बाजार समितीतील अडत्या आणि निव्वळ दलाल यांच्या कामातील मुख्य फरक कोणता?
(आ) वेगळा करार नसल्यास अभिकर्त्याचा मोबदला केव्हा देय होतो?
(इ) ‘दलाल’ या शब्दाच्या मुळाशी कोणता अर्थ आहे?

४. अमेरिकेतील भेद

‘एजंट’ आणि ‘ब्रोकर’ हे दोन शब्द आपण इंग्रजीतून उचलले. ज्या देशात त्यांचा घरबाजारातील भेद सर्वांत काटेकोर आहे, तो देश अमेरिका. तेथे प्रत्येक राज्य या धंद्यासाठी परवाना देते, आणि परवान्याच्या दोन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर विक्री-प्रतिनिधी; यालाच लोक सामान्यपणे ‘एजंट’ म्हणतात. दुसऱ्या पायरीवर ‘ब्रोकर’. त्यासाठी अधिक शिक्षण, वेगळी परीक्षा आणि बहुधा काही वर्षांचा अनुभव लागतो.

महत्त्वाचे म्हणजे, एजंटला स्वतंत्रपणे धंदा करता येत नाही. त्याला एखाद्या ब्रोकरच्या हाताखालीच काम करावे लागते. गिऱ्हाइकाशी करार होतो तो ब्रोकरच्या संस्थेच्या नावाने. दलाली जमा होते ती ब्रोकरकडे आणि तेथून एजंटला त्याचा वाटा मिळतो. एजंट चुकला तर देखरेखीत कसूर केल्याबद्दल ब्रोकरला जाब विचारला जातो. म्हणजे आपल्याकडे ज्या शब्दाला हलका मान, तो तेथे वरच्या पायरीचा!

पण दोन पायऱ्या बांधल्याने ‘हा माणूस कोणाचा?’ हा प्रश्न तेथेही सुटला नव्हता. वर्षानुवर्षे बहुतेक व्यवहारांत विकणाराच दोन्ही बाजूंच्या मध्यस्थांची दलाली देत असे, आणि ती मिळून किमतीच्या पाच ते सहा टक्क्यांपर्यंत जाई. घेणाऱ्यासोबत हिंडणाऱ्या मध्यस्थाचा मोबदला समोरच्या पक्षाकडून येणार, मग त्याची निष्ठा कोणाकडे? या पद्धतीविरुद्ध घर विकणाऱ्यांनी दावे लावले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिसुरी राज्यातील ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि मार्च २०२४ मध्ये तेथील मध्यस्थांच्या राष्ट्रीय संघटनेने तडजोड मान्य केली. १७ ऑगस्ट २०२४ पासून त्या संघटनेच्या नियमांनुसार, घर दाखवावयास नेण्यापूर्वी मध्यस्थाने घेणाऱ्याशी लेखी करार करून आपला मोबदला स्पष्ट सांगावा लागतो. जो प्रश्न आपल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी तोंडी विचारला, त्याचे उत्तर तेथे आता कागदावर द्यावे लागते.

५. भारतातील कायदा : नाव काहीही असो

आपल्याकडे दोन पायऱ्या नाहीत. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ हा संसदेने केलेला कायदा ‘रेरा’ या नावाने ओळखला जातो. त्याची काही कलमे १ मे २०१६ पासून आणि उरलेली १ मे २०१७ पासून अमलात आली. मध्यस्थाची व्याख्या करताना या कायद्याने मोठी युक्ती केली आहे. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या वतीने विक्रीची बोलणी करणारा तर ‘स्थावर संपदा अभिकर्ता’ आहेच. पण कोणत्याही माध्यमातून घेणारा आणि विकणारा यांची केवळ ओळख करून देणाराही त्यात धरला आहे. मालमत्तेचे व्यापारी, दलाल, मध्यस्थ – मग त्यांना कोणत्याही नावाने ओळखले जावो – सारे या एकाच व्याख्येत बसवले आहेत. ‘‘मी एजंट नाही हो, मी नुसती ओळख करून दिली’’ ही पळवाट त्यामुळे बंद झाली. दलाल आणि अभिकर्ता यांच्या भूमिका वेगळ्या असल्या, तरी घेणाऱ्याच्या दृष्टीने दोघांची जबाबदारी एकच असावी, असा हा विचार आहे. आणि आमच्या मते तो योग्य आहे.

या अभिकर्त्याला राज्याच्या नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीशिवाय त्याला रेराखाली नोंदलेल्या प्रकल्पातील विक्री जुळवता येत नाही, आणि जो प्रकल्प नोंदणीस पात्र असूनही नोंदलेला नाही, त्यातील विक्रीत हात घालता येत नाही. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या लहान प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही, हेही ध्यानात ठेवावे. अभिकर्त्याने हिशेबाच्या वह्या ठेवावयाच्या असतात, खोटी आश्वासने द्यावयाची नसतात, आणि घेणाऱ्याला हक्काने मिळावयाची सर्व माहिती व कागदपत्रे सदनिका आरक्षित करतेवेळी मिळतील अशी व्यवस्था करावयाची असते. बंधने मोडल्यास दर दिवसाला १०,००० रुपये आणि एकूण त्या सदनिकेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम ३१ प्रमाणे तक्रार विकासकाविरुद्ध जशी करता येते, तशी अभिकर्त्याविरुद्धही करता येते.

महाराष्ट्राने त्यापुढे एक पाऊल टाकले. ‘महारेरा’ने जानेवारी २०२३ मध्ये आदेश काढून अभिकर्त्यांना प्रशिक्षण आणि परीक्षा यांची अट घातली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पहिली परीक्षा झाली आणि मुदतवाढीनंतर १ जानेवारी २०२४ पासून ही अट लागू झाली. वर्षानुवर्षे धंद्यात मुरलेल्या पुष्कळ दलालांना त्यामुळे पुन्हा वही-पेन्सिल घेऊन बसावे लागले. साठेखत आणि खरेदीखत यांतला फरक, चटई क्षेत्र कसे मोजावे, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे काय, हे घर विकणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे; आजवर त्याची कोणी परीक्षा घेत नव्हते, एवढेच.

महारेराकडील अभिकर्त्याच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात ‘ए’ या अक्षराने होते आणि प्रकल्पाच्या क्रमांकाची ‘पी’ने. दोन्ही क्रमांक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतात.

६. भाड्याचे घर

वरील व्याख्या विक्रीच्या व्यवहारापुरती आहे. भाड्याचे घर मिळवून देणाऱ्याला ती लागू होत नाही. तेथे करार अधिनियम आणि उभयतांनी ठरवलेल्या अटी एवढाच आधार. अनेक शहरांत अकरा महिन्यांच्या करारासाठी एका महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेण्याची प्रथा आहे; ती प्रथा आहे, कायदा नव्हे, म्हणून तीत घासाघीस होऊ शकते.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी एक गोष्ट अवश्य जाणावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा अनुज्ञप्तीचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. दलाल ‘‘नोंदणीची कशाला दगदग?’’ असे म्हणतो, तेव्हा तो घरमालकाचेच नुकसान करीत असतो. त्याला हे बहुधा माहीत नसते.

७. पुन्हा त्या बाईंकडे

बाईंनी काय करावयास हवे होते? पहिला प्रश्न किमतीचा नव्हेच. ‘‘तुमचा आणि या इमारतीचा नोंदणी क्रमांक सांगा,’’ हा पहिला प्रश्न. क्रमांक मिळाल्यावर घरी येऊन मुलीला तो संकेतस्थळावर पाहावयास सांगितला असता, तर हे गृहस्थ अभिकर्ते आहेत की नाहीत आणि विकासकाने आपल्या अभिकर्त्यांत त्यांचे नाव दिले आहे की नाही, हे दहा मिनिटांत कळले असते. दुसरा प्रश्न : ‘‘तुमचा मोबदला कोण देणार आणि किती?’’ तिसरी गोष्ट पैशांची. इसार द्यावयाचा तो धनादेशाने किंवा बँकेमार्फत, आणि विकासकाच्या नावाने. नोंदणीकृत साठेखत होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. बावीस लाखांच्या सदनिकेसाठी ही मर्यादा दोन लाख वीस हजार होते. म्हणजे एक लाख ही रक्कम मर्यादेतच होती. चुकले ते पैसे कसे दिले आणि कोणाच्या हाती पडले, हे.

आता तरी त्यांनी गप्प बसू नये. वहीच्या पानावरची ती पावती जपून ठेवावी. त्या गृहस्थाशी झालेले संदेश पुसू नयेत. एक लाख रुपये कोणत्या सदनिकेसाठी घेतले, हे त्याच्याकडून लेखी मागावे आणि त्याची प्रत विकासकालाही पाठवावी. इमारत रेराखाली नोंदलेली असेल, तर प्राधिकरणाकडे तक्रार करण्याचा मार्ग मोकळा आहे. आणि तो गृहस्थ ‘‘ताई, एवढाही विश्वास नाही का?’’ असे म्हणाला, तर ‘‘विश्वास आहे दादा, म्हणून तर कागद मागते,’’ असे उत्तर देता येईल.

पाठगत प्रश्न – २

(अ) अमेरिकेत एजंटला दलाली थेट मिळते की ब्रोकरमार्फत?
(आ) ‘‘मी नुसती ओळख करून दिली’’ ही सबब २०१६ च्या कायद्यापुढे का टिकत नाही?
(इ) महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी करवून घेण्याची जबाबदारी कोणाची?

शब्दार्थ

इसार – व्यवहार पक्का करण्यासाठी आगाऊ दिलेली रक्कम
अभिकर्ता – दुसऱ्याच्या वतीने काम करण्यास नेमलेली व्यक्ती
प्रकर्ता – ज्याच्या वतीने अभिकर्ता काम करतो ती व्यक्ती
साठेखत – पुढे खरेदी-विक्री करण्याचे ठरवणारा करार
खरेदीखत – मालकी हस्तांतरित करणारा दस्त
भोगवटा प्रमाणपत्र – इमारत राहण्यास योग्य असल्याचा स्थानिक प्राधिकरणाचा दाखला
अनुज्ञप्ती – जागा वापरण्याची मर्यादित परवानगी
वेसण घालणे – नियंत्रण ठेवणे

स्वाध्याय

१. ‘कागद कोणाचा होता, यावर एवढे अवलंबून असते.’ या वाक्याचे प्रसंगाच्या आधारे स्पष्टीकरण करा.

२. दोन्ही पक्षांकडून दलाली घेणे केव्हा योग्य आणि केव्हा अयोग्य ठरेल? तुमचे मत कारणांसह आठ ते दहा ओळींत लिहा.

३. प्रसंगातील बाईंच्या वतीने त्या गृहस्थाला एक लाख रुपयांविषयी खुलासा मागणारे औपचारिक पत्र लिहा. पत्रात तारीख, रक्कम, सदनिकेचे वर्णन आणि उत्तरासाठी दिलेली मुदत यांचा उल्लेख करा.

४. उपक्रम : तुमच्या परिसरातील घरांच्या मध्यस्थांच्या दोन-तीन पाट्या पाहा. त्यांवर कोणते नाव आहे – दलाल, एजंट, सल्लागार की डीलर? पाटीवर नोंदणी क्रमांक लिहिला आहे काय, याची नोंद करा आणि आपल्या अभ्यासकेंद्रात त्यावर चर्चा करा.